फी ऑगस्टात, कापूस दिवाळीला, शिष्यवृत्ती पुढच्या उन्हाळ्यात

जरा मोठी पोस्ट आहे. घरात बारावीचं किंवा डिप्लोमाचं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्या घरी आहे त्याला पाठवा.

दरवर्षी निकाल लागले की तीर्थपुरीत चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "सरकार काहीच देत नाही, गरिबाच्या पोरानं शिकूच नये." दुसरी म्हणते, "आता सगळं फुकट झालंय, पोरीला तर एक रुपया लागत नाही, लोक उगाच रडतात." मला दोन्ही पटत नाहीत. सरकार बऱ्यापैकी देतं. पण देतं कधी, हा खरा प्रश्न आहे. मागच्या काही वर्षांत गावातल्या बऱ्याच पोरापोरींचे अर्ज भरायला मी बसलोय, त्यावरून माझं मत असं झालंय की आपल्या भागातलं शिक्षण रकमेपेक्षा तारखेवर जास्त अडतं.

आपलं वर्ष कसं चालतं ते आठवा. जूनमध्ये पेरणी. बियाणं, खत, फवारणी यात घरातला होता नव्हता तो पैसा जमिनीत जातो. सोयाबीन हातात येतं दसऱ्याच्या आसपास. कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या तोंडावर. ऊस असेल तर कारखाना सुरू होणार ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि आपली तोड कधी येईल ते टोळीवाल्यालाच माहीत. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी मिळायला पाहिजे, ती मिळालीच तरी नवं वर्ष उजाडतं. म्हणजे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने शेतकऱ्याच्या घरी सगळ्यात कोरडे. पिकाला पाणी असतं, खिशाला नसतं.

आणि नेमक्या याच तीन महिन्यांत इंजिनिअरिंग, फार्मसी, डिप्लोमा, नर्सिंग, कृषी यांच्या कॅप फेऱ्या चालतात. मोबाईलवर मेसेज येतो, सीट लागली. कॉलेजात हजर व्हायला मिळतात तीन-चार दिवस. त्या तीन-चार दिवसांत कागद, फी, खोलीचं डिपॉझिट, सगळं उभं करायचं. नाही झालं तर सीट गेली, पुढच्या फेरीत काय मिळेल ते नशीब. जो बाप डिसेंबरात साठ हजार सहज काढून देऊ शकतो, त्याच बापाकडं ऑगस्टात सहा हजार नसतात. हा बाप गरीब आहे की नाही ते तहसीलचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र सांगेल, पण तो ऑगस्टात कफल्लक आहे हे कोणत्याच प्रमाणपत्रावर येत नाही.

मग पैसा येतो कुठून? सगळ्यांना माहीत आहे. बाईच्या गळ्यातलं बँकेत जातं. नाहीतर शेकडा तीननं कुणाकडून तरी उचलायचे. आणि ज्यांच्याकडं जमीनही नाही, गळ्यातलंही नाही, त्यांच्याकडं मुकादम असतो. ऊसतोडीची उचल याच दिवसांत वाटली जाते. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या पट्ट्यातून किती कोयते दरवर्षी बाहेर पडतात ते वेगळं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराच्या पहिल्या वर्षाची फी त्या उचलीतून भरली जाते आणि ती फिटेपर्यंत आईबाप पाच-सहा महिने पाचटात. शिष्यवृत्तीला तो पोरगा पात्र असतो, बरं का. कागदोपत्री त्याची फी माफ आहे. फक्त ती माफी यायच्या आधी त्याच्या आईबापानं कुणाच्या तरी फडात ऊस तोडलेला असतो.

हिशोब मांडू. समजा एका कॉलेजची फी वर्षाला एक लाख आहे. त्यात शिक्षण शुल्क ८८ हजार, विकास शुल्क १२ हजार. खुल्या प्रवर्गातला, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीमधला मुलगा असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचे निम्मे, म्हणजे ४४ हजार मिळतात. विकास शुल्क आपल्यालाच भरायचं. म्हणजे खिशातून ५६ हजार तरी जाणारच. आता कॉलेजनं आधी पूर्ण लाख मागितले आणि बापानं वरचे ४४ हजार शेकडा तीननं काढले, तर आठ महिन्यांचं व्याज झालं साडेदहा हजारांच्या वर. सरकारनं दिलेल्या सवलतीचा जवळजवळ चौथा हिस्सा सावकाराच्या घरी गेला. सरकारी तिजोरीतून पैसा पूर्ण निघाला, विद्यार्थ्याच्या कामाला आला तो पाऊण. हे गणित मंत्रालयात कुणी करत असेल असं वाटत नाही.

मुलींचं आता बरंच बरं झालंय, ते मान्य करायला पाहिजे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं होतं. आपल्याकडं "पोरीला कशाला एवढं लांब" म्हणणाऱ्या घरांत या एका निर्णयानं फरक पडलाय, मी डोळ्यांनी बघितलाय. पण "पूर्ण माफ" या शब्दावर जाऊ नका. विकास शुल्क आहे, होस्टेल आहे, मेस आहे, एप्रन-पुस्तकं-लॅपटॉप आहे. आणि दोन अटी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर काही नाही. आणि खाजगी विद्यापीठ किंवा खाजगी अभिमत विद्यापीठ असेल तरीही नाही.

ही दुसरी अट फार घरांना महागात पडते. मे महिन्यात चांगले कपडे घातलेली माणसं गावोगाव फिरतात, "आमच्याकडं सीट पक्की, फीत सूट देतो" म्हणतात. कॉलेजच्या नावापुढं विद्यापीठ लिहिलेलं असतं म्हणून बापाला वाटतं मोठं असेल. सूट म्हणून जेवढी देतात त्याच्या कितीतरी पट शिष्यवृत्ती तिथं सही केल्याबरोबर जाते. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथं महाडीबीटी चालतं का? उत्तर फिरवून दिलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, देशातली सगळ्यात जुनी. तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि ती गेली कित्येक वर्षं तिथंच अडकून बसलीय. बाप वाळूजला कंपनीत एकवीस हजारांवर असला की वर्षाचे झाले दोन लाख बावन्न हजार. संपलं. फ्रीशिप राहते, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, पण निर्वाहभत्ता गेला. इकडं क्रीमी लेयरची मर्यादा आठ लाख, तिकडं ही अडीच. आठ लाखवाल्यांवर माझा राग नाही. पण एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन पोरांच्या गरिबीला दोन वेगळ्या फूटपट्ट्या का, हे मला अजून कुणी समजावून सांगितलं नाही.

राहण्या-खाण्याचा खर्च तर फीपेक्षा भारी. छत्रपती संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, तरी महिन्याचा आकडा तुम्हाला माहीत आहे. पुण्याचं तर बोलूच नका. त्यासाठी अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयम, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार, आणि शाहू योजनेतल्या अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, संभाजीनगरसारख्या ठिकाणी ५१ हजार मिळतात, सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर. रक्कम वाईट नाही. पण मेसवाला महिन्याच्या महिन्याला मागतो आणि स्वाधार येतं हप्त्याहप्त्यानं, कधी वर्ष संपता संपता. पोरगं वर्षभर उधारीवर जेवतं. एका मेसवाल्या काकूंनी मला सांगितलं होतं, "दादा, तुमच्या सरकारची योजना मीच चालवते." खोटं नाही बोलल्या.

आता महाडीबीटीचं. ज्यांनी अर्ज भरलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. विद्यार्थी अर्ज भरतो. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला क्लार्क तपासतो, मग प्राचार्य, मग खात्याचं जिल्ह्याचं किंवा विभागाचं कार्यालय, मग बिल, मग पैसा आधार जोडलेल्या खात्यात, तोही दोन हप्त्यांत. यातल्या कुठल्याही टेबलावर अर्ज महिनाभर झोपू शकतो. "सेंड बॅक" असा शेरा येतो, पोराला मेसेज येत नाही, तो आपला निवांत. पोर्टल कधी बंद, कधी ओटीपी येत नाही, अर्जाची मुदत वाढत वाढत जाते आणि मुदत वाढली की लोकांना आनंद होतो. मला नाही होत. मुदत वाढली म्हणजे पैसाही तेवढा पुढं गेला.

आणि आधारची गंमत वेगळीच. पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातो असं समजू नका. तुमच्या आधारला शेवटचं जे खातं जोडलं असेल तिथं जातो. पोरानं कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, त्याला आठवतही नाही. शिष्यवृत्ती तिकडं जाऊन पडते आणि घरी सगळे सरकारला शिव्या देतात. अर्जाआधी आधारच्या वेबसाईटवर जाऊन कोणतं खातं जोडलंय ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉलेजांना शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी माफ असलेलं शुल्क मागू नका, असं सरकारनं अनेकदा बजावलंय. समाजकल्याणचं फ्रीशिप कार्डही त्यासाठीच आहे. तरी खिडकीवर काय ऐकायला मिळतं? "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." किंवा त्याहून वाईट म्हणजे मूळ कागद अडकवून ठेवणं. गावातल्या एका मुलाची मार्कलिस्ट आणि टीसी एका कॉलेजनं शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता आला नाही म्हणून अडकवली, आणि हातात आलेली नोकरी कागद दाखवता आले नाहीत म्हणून गेली. मूळ प्रमाणपत्रं अशी ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीनं २०१८ मध्येच तसं स्पष्ट काढलंय. पण पोराला ते माहीत नव्हतं आणि बापाला साहेबासमोर बोलायची सवय नव्हती.

तरी दुसरी बाजूही ऐका. विनाअनुदानित कॉलेजचा पगार फीवर चालतो. सरकारकडून प्रतिपूर्तीचे पैसे उशिरा आले की प्राध्यापकांचे पगार थकतात, हे नाटक नाही. आणि आपल्याकडूनही घोळ होतो. शिष्यवृत्तीतली फी विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ती त्यानं कॉलेजात भरायची असते. पण खात्यात चाळीस हजार आले त्याच दिवशी घरात कुणी दवाखान्यात असतं, किंवा मोटार जळालेली असते. पैसा तिकडं जातो. मग कॉलेज पुढच्या वर्षी पुढच्या पोराला म्हणतं, आधी भर. उशिरा आलेला पैसा कुणालाच सरळ वागू देत नाही.

हे असंच चालायचं, असं काही नसतं. आधी पैसा, मग शिक्षण ही रीत आपल्याच महाराष्ट्रात होती. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर संस्थानात नोकरी करायची असा करार. जहाजात बसण्याआधी सगळं ठरलं होतं. महाराजांच्या दफ्तरानं जर सांगितलं असतं की आधी स्वखर्चानं अमेरिकेला जा, पावत्या जोडा, प्राचार्यांची सही आणा, रक्कम पुढच्या उन्हाळ्यात आधार जोडलेल्या खात्यात येईल, तर काय झालं असतं याचा विचार करा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली, पोराला आधी छप्पर आणि ताट मिळालं. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ईबीसी आली. वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर फी माफ. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक त्या ईबीसीचा फॉर्म भरून शिकले. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, सीटा वाढल्या, त्यानं खेड्यातल्या पोरांचा फायदाही झाला. पण तेव्हापासून फी हा खिडकीवरचा रोख व्यवहार झाला आणि सवलत ही मागाहून यायची चीज झाली.

आपल्या भागात आरक्षणावर गेली काही वर्षं किती रान पेटलंय ते जगानं पाहिलं. २९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झालं, ते आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. वडीगोद्रीलाही उपोषण झालं, दुसऱ्या बाजूनं. कोण बरोबर, कोण चूक यावर ही पोस्ट नाही, कमेंटमध्ये तो वाद कृपा करून आणू नका. मला एवढंच दिसतं की दोन्ही मांडवांत बसलेल्या बापांच्या घरी ऑगस्ट सारखाच कोरडा असतो. प्रमाणपत्र सीट मिळवून देतं. त्या सीटवर बसायला लागणारे पैसे कोण, कधी देणार, यावर मात्र एकाही मांडवात भाषण ऐकलं नाही.

आता बँक. खरं म्हणजे हे जे आठ-दहा महिन्यांचं भगदाड आहे ते बुजवायलाच शैक्षणिक कर्ज असतं. पण कर्ज हा शब्द काढला की आपल्याकडं घरातली बाई आधी घाबरते, आणि मराठवाड्यात तिनं का घाबरावं हे सांगायची गरज नाही. पण सावकाराचे शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, ते चालतात आणि बँकेचे दहा टक्के नको, हे मात्र पटत नाही.

नियम असा आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. जमिनीचा उतारा नाही, एफडी नाही. आई किंवा वडील सहकर्जदार, बस्स. साडेसात लाखांच्या वर गेलात तर तारणाचा विषय येतो. "तुमचं गाव आमच्या कार्यक्षेत्रात नाही" हे कारण शैक्षणिक कर्जाला चालत नाही, रिझर्व्ह बँकेनं तसं सांगितलंय. अर्ज नाकारायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घेऊन, कारण कळवून नाकारायचा. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष हप्ता नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून घरी बसून अर्ज करता येतो.

प्रत्यक्षात काय होतं? अर्जच घेत नाहीत. "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या." सोमवारी गेलं की "टार्गेट संपलं." नाहीतर वडिलांचं पीककर्ज थकलंय, सिबिल खराब आहे. अहो, ज्या बापाचं सिबिल चांगलं आहे त्याला तुमच्याकडं यायची गरजच कशाला पडली असती? केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंय की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. तो निकाल तिकडचा, आपल्या मॅनेजरला बांधील नाही म्हणा, पण विचार करायला हरकत नाही. तोंडी नकार हा बँकेचा सगळ्यात आवडता नकार, कारण त्याचा कागद राहत नाही. म्हणून अर्ज लेखी द्या किंवा पोर्टलवर टाका, पोच घ्या. तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते, पैसे लागत नाहीत.

कर्ज घ्याच, असंही मी म्हणत नाही. चार लाखांचा हिशोब बघा. दरवर्षी एक लाख असे चार वर्षं घेतले, व्याज साधं दहा टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत एक लाख चाळीस हजार व्याज चढतं. पाच लाख चाळीस हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सात हजारांच्या वर हप्ता. चाकणला किंवा वाळूजला पहिली नोकरी अठरा हजारांची लागली तर खोली आणि मेस जाऊन हातात काय राहतं? म्हणून कोणतं कॉलेज, कोणती शाखा, तिथून मागच्या वर्षीच्या किती पोरांना खरोखर नोकरी लागली, हे जाहिरातीवरून नाही तर त्या कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना भेटून विचारा. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक, कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकनाचं असेल, तर ते मधल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. वरच्या उदाहरणात ते एक लाख चाळीस हजार होतात. ओबीसींसाठी महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मीही आहे, तिच्यात तारण नाही, जामीन नाही, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात तीन टक्के सवलत, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी, सुरुवातीला ८६० होत्या. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा, नंतर पेढे वाटा.

सरकारनं काय करावं हे मी सांगून ते करणार आहे थोडंच. तरी लिहून ठेवतो. पहिला हप्ता प्रवेश निश्चित झाल्यापासून महिन्याच्या आत थेट कॉलेजला. राहण्याचा भत्ता महिन्याच्या महिन्याला. सरकारकडं प्रवेशाची यादी असते, आधार असतो, उत्पन्नाचा दाखला सरकारनंच दिलेला असतो. मग तोच दाखला पोरानं पुन्हा स्कॅन करून सरकारलाच का पाठवायचा, आणि सरकारनं तो आठ महिने का तपासायचा?

पण ऑगस्ट दरवर्षी येतो, सरकार सुधारायची वाट बघत बसला तर पोरगं तिशीला येईल. गावानं करण्यासारखं आहे ते करू. आपल्याकडं ऊस आहे, कारखाना आहे. कारखाना बिलातून या ना त्या नावानं कपात करतोच. मग सभासदाच्या मुलाची पहिली फी ऑगस्टात कारखान्यानं थेट कॉलेजच्या खात्यात भरावी आणि जानेवारीच्या बिलातून कापून घ्यावी. ऊस त्यांच्याच गव्हाणीत येणार आहे, पैसा बुडायचा कसा? संचालक मंडळाच्या एका बैठकीचा विषय आहे. निवडणुकीला मत मागायला येतील तेव्हा हे विचारा, रस्ता-गटार तर विचारतोच आपण.

ज्याच्याकडं ऊस नाही, जमीन नाही, त्याच्यासाठी फिरता निधी. पन्नास मुलांना वीस-वीस हजार म्हणजे दहा लाख. तीर्थपुरीच्या बाजारपेठेला, पतसंस्थांना, अडत्यांना, नोकरीला बाहेर गेलेल्या आपल्या लोकांना मिळून दहा लाख जड आहेत का? जयंत्या आणि गणपतीला डीजेवर काय खर्च होतो तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, सगळ्या मंडळांत आपलेच भाऊ आहेत. हे दान नाही. शिष्यवृत्ती आली की मुलानं वीस हजार परत करायचे, पुढच्या ऑगस्टात ते दुसऱ्याला. बिनव्याजी. चेक कॉलेजच्या नावानं, हातात रोख नाही. दोन-चार बुडतील, धरून चाला. जालन्यात स्टीलच्या आणि बियाण्याच्या एवढ्या कंपन्या आहेत, कायद्यानं मोठ्या कंपनीला नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला खर्च करायचेच असतात आणि शिक्षण त्यात बसतं. त्यांच्याकडं जायला कुणीतरी फाईल घेऊन उठलं पाहिजे एवढंच.

ज्यांची मुलं यंदा अकरावी-बारावीत आहेत त्यांनी आतापासून कागद लावायला घ्या. जात पडताळणी अकरावीतच टाका, जालन्याच्या समितीपुढं जुलैत रांग लागते. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्ये काढा, तहसीलला तेव्हा गर्दी कमी असते. नॉन क्रीमी लेयरची मुदत बघा, ३१ मार्चला संपलेलं असतं आणि लक्षात येतं कॉलेजच्या खिडकीवर. आधारवरचं आणि मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे का तेही.

शेवटचं एक काम सगळ्यांसाठी. ज्यांच्या घरी मागच्या दोन वर्षांत कुणी शिष्यवृत्तीवर शिकलंय, त्यांनी कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: कॉलेजनं फी कोणत्या महिन्यात मागितली, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आला, मधल्या काळात पैसे कुठून आणले. नाव लिहू नका, कॉलेजचंही नको. शंभर जणांनी लिहिलं तर तो कागद घेऊन कारखान्यावर, पतसंस्थांकडं आणि जालन्याला समाजकल्याणच्या ऑफिसात जाता येईल. टाईप करायला जमत नसेल त्यांनी इनबॉक्सला व्हॉइस पाठवा, मी लिहून घेतो.

आणि ज्या पोरापोरींच्या अर्जावर "सेंड बॅक" आलंय त्यांनी आज रात्रीच लॉगिन करून बघा, दिवसा साईट चालत नाही.